डॉक्टर हो, चेहऱ्याचा वाद राहिलाच

डॉक्टर, काल तुम्हाला मुंबईच्या चिनी दफनभूमीत ठेवून आम्ही एस.टी.नं पनवेलला परतलो, तेव्हा अजून ऊन होतं. टपाल नाक्याशी उतरले आणि सवयीनं तुमच्या दवाखान्याच्या रस्त्याला लागले. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, तरी गेलेच. दाराला कुलूप होतं. मग घरी येऊन चहा केला, आणि कप हातात घेतल्यावर जो पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता, भांडणाचा होता. आपला वाद अर्धवट राहिला. आता तुमची बाजू मांडायला कोणी नाही. ती मलाच मांडावी लागणार, आणि मी ती प्रामाणिकपणे मांडीन की नाही याची तुम्हाला शंका असणारच.

तेव्हा आधी तुमच्या बाजूनं सुरुवात करते.

मी बाबांना पहिल्यांदा तुमच्याकडे आणलं ते कवळीसाठी. बाबा मीठ खात्यातून निवृत्त झालेले, आयुष्य उरण-पनवेलच्या मिठागरांवर गेलेलं, आणि बोलणं तिथल्या दुपारच्या उन्हासारखं. आई गेली होती. धाकटा भाऊ बेन्जू बायकोमुलांसह इस्रायलला गेला होता, आमच्या यहुदी आळीतली निम्मी घरं गेली तसाच. शाळेतल्या नोकरीपलीकडे माझ्याकडे बाबाच होते. तुमच्या दारावर मोठा रंगवलेला दात होता आणि तुमचं आडनाव ‘हो’ होतं. कोणी दारातून विचारायचं, “डॉक्टर हो आहेत का?” तुम्ही आतून म्हणायचात, “हो, हो.” निम्म्या पनवेलला वाटे की तुम्ही नुसते कबूल करता आहात.

बाबा खुर्चीत बसले. “सेगू, रुमाल कुठाय? एक काम धड येत नाही.” मी रुमाल दिला. चष्मा काढून घेतला. पाणी दिलं, ते गार निघालं म्हणून पुन्हा दिलं. तुम्ही मुकाट्यानं पाहत होतात. मग माप घ्यायला तुम्ही बाबांच्या तोंडात मेण भरलंत, त्यांची बोलती बंद झाली, आणि तुम्ही माझ्याकडे वळलात.

“सेगुबाई, हात बरोबर हाय तुमचा. पन तोंड बरोबर नाय.”

मला वाटलं, एक पेशंट हाताशी आल्यावर तुम्ही दुसरा शोधताय. मी म्हटलं, “माझे दात उत्तम आहेत.”

“दात नाय वो. तोंड. चेहरा.”

बाबांच्या तोंडात मेण होतं, म्हणून त्यांना हसता आलं नाही. पण डोळे हसले. ते मी तुम्हाला बरेच महिने माफ केलं नाही.

तुमची मराठी मिठागरावरच्या माणसांनी तुम्हाला दिलेली. दाढ ठणकत असताना माणूस शुद्ध बोलत नाही, आणि तुम्ही भाषा शिकलात ती अशा माणसांकडूनच. मी शाळामास्तरीण, तुमचं ‘नाय’ सुधारायला गेले. तुम्ही दोन दिवस ‘नाही’ म्हणालात, तिसऱ्या दिवशी एक पेशंट म्हणाला, “डाक्टर आज रागावलाय काय?” तेव्हा मी तो नाद सोडला.

त्या चेहऱ्याच्या शेऱ्याचा उगम मला पुढच्या खेपेला कळला. तुमच्याकडे एक जुने गुरुजी होते. तुम्ही त्यांना खोंग गुरुजी म्हणत होतात. आमच्या इंग्रजी पुस्तकांत त्यांना कन्फ्यूशियस म्हणतात. ते जणू तुमच्या शेजारच्या खोलीत राहतात, असं तुम्ही त्यांच्याविषयी बोलायचात. तुम्ही मला सांगितलंत की आईबापांना खाऊपिऊ घालणं याला ते भक्ती मानतच नाहीत. “गोठ्यातल्या जनावराला बी मानूस वैरन घालतो, बाई. मंग बापाला घातला त्यात काय मोठा?” फरक असतो तो घालणाऱ्याच्या तोंडावर. काम सोपं, चेहरा कठीण.

मी चिडले. “डॉक्टर, माझे हात बाबांचे. वेळ बाबांचा. शाळा सुटल्यावरचं सगळं आयुष्य बाबांचं. चेहरा तेवढा माझा राहू द्या. आमच्या धर्मात आईबापांचा मान राखायची आज्ञा आहे. तिच्यात चेहऱ्याबद्दल अक्षर नाही.”

तुम्हाला राग येईल असं वाटलं होतं. तुम्ही उलट खूष झालात. “अक्षर नाय? बगा नीट. कदाचित असंल.” आणि पुढच्या वेळी मला विचारलंत, “बाई, तुमचा चेहरा तुमी कवा बगता?”

“सकाळी. वेणी घालताना.”

“बाकीचा दिवस कोन बगतो?”

मी बाबांचा चष्मा पुसायला घेतला.

“मंग कोनाचा हाय तो?”

असा हल्ला मी आयुष्यात कधी सोसला नव्हता. घरी येऊन भाकरी थापताना मी तव्याशी भांडत होते.

मला त्यावर उत्तर सुचलं, पण महिनाभरानं. तुम्ही बाबांची कवळी घासत होतात. मी म्हटलं, “डॉक्टर, मग बाबांचा चेहरा कोण बघतं? मीच ना? मग तो माझा. तुमच्या गुरुजींनी बापांना कधी सांगितलं का, तोंड नीट ठेवा म्हणून?”

तुम्ही हात थांबवलात. “सांगितला हाय. बाप बापासारखा पायजे, लेक लेकासारखा.”

“मग सांगा त्यांना.”

तुम्ही खरंच सांगितलंत! बाबा म्हणाले, “माझ्या चेहऱ्याचं जे व्हायचं ते तू हे दात बसवलेस तेव्हाच झालं.” आणि त्या दिवसापासून ते तुम्हाला अरेतुरे करायला लागले, म्हणजे तुम्ही घरचे झालात. आमच्या मलिद्याच्या प्रार्थनेला तुम्ही आलात, आमच्या नव्या वर्षाचा गव्हाच्या चिकाचा हलवा खाल्लात, आणि बाबांना विचारत सुटलात: यहुद्यांत बाप चुकला तर मुलगा काय करतो? अब्राहामानं मुलाला बळी द्यायला नेलं तेव्हा तो मुलगा काहीच कसं बोलला नाही? बाबा म्हणाले, “त्याला दात होते, बोलू शकला असता. का नाही बोलला, ते मलाही लहानपणापासून कळलेलं नाही.” तुम्ही दोघं त्यावर सगळी दुपार बसलात. बाबांशी इतका वेळ कुणी बसत नसे.

मी तुम्हाला एकदा कावडीत आंधळ्या आईबापांना घालून नेणाऱ्या मुलाची गोष्ट सांगितली. हिंदू मैत्रिणींच्या घरी ऐकलेली. तुम्ही लगेच विचारलंत, “वाटंत त्याचा चेहरा कसा होता?” मी म्हटलं, आईबाप आंधळे होते, त्यांना काय दिसणार? मग म्हणालात, “म्हनूनच त्यो मोठा. कोनी बगनारा नसताना चालला.” मी म्हटलं, त्याचा चेहरा वाकडा असला तरी कुणाला कळलं नसतं, म्हणजे तुमचा मुद्दाच बाद. डॉक्टर, त्या वेळी मी जिंकले होते. तुम्ही मान्य केलं नाहीत.

आणि मुलींचं काय, हा माझा दुसरा मुद्दा. तुमच्या गुरुजींकडे मुलगा, बाप, भाऊ, सगळे होते. मुलगी लग्न होऊन नवऱ्याच्या घरी गेली की तिची भक्ती सासूसासऱ्यांच्या नावे. “आणि जिचं लग्न झालं नाही ती?” मी विचारलं. तुम्ही डोकं खाजवलंत. “असा गुरुजींना कोनी विचारला नाय.”

“अडीच हजार वर्षांत?”

“तवा तुमी नव्हता,” तुम्ही म्हणालात.

तुमच्या बापाविषयी मला फार उशिरा कळलं. तुम्ही चीनमधल्या एका नदीकाठच्या गावातून अगदी तरुणपणी निघालात, मुंबईत एका नात्यातल्या दंतवैद्याकडे काम शिकलात, मग पनवेलला आलात. निघताना वडील वेशीपर्यंत आले होते. आईबाप जिवंत असताना फार लांब जाऊ नये, जायचंच तर निदान कुठे आहोत ते त्यांना ठाऊक असावं, असं तुमच्या गुरुजींचं म्हणणं. तुम्ही कळवत राहिलात. मग तिकडे युद्ध, राज्य बदललं, आणि एक वर्ष असं आलं की तिकडून पत्र येईनासं झालं. वडील आहेत की नाहीत, कळायला मार्ग नाही.

तुम्ही मला हे दाढेचं भोक बुजवताना सांगितलंत. माझी दाढ होती. मला मध्ये बोलता येत नव्हतं. बहुधा म्हणूनच सांगितलंत. वसंतात तुमच्यात पूर्वजांच्या कबरी झाडून उदबत्त्या लावतात. तुम्ही काय करावं? “जिता बाप असंल आन मी उदबत्ती लावली, त पाप. मेला असंल आन नाय लावली, तरी पाप.” लग्नाचंही तेच. बापाला विचारल्याशिवाय करू नये, आणि विचारायचं कुठे? वंश न वाढवणं हे तुमच्यात आणखी मोठं पाप. तुम्ही हे सगळं असं सांगत होतात की जणू दुसऱ्या कुणाच्या तोंडातला अवघड दात दाखवताय. हा इथून धरला तर तिथून सुटतो. मला तेव्हा तुमच्याबद्दल कणव वाटायला हवी होती. मला कुतूहल वाटलं. तुम्हाला तेच हवं होतं, असं मला अजून वाटतं.

मग बेन्जूनं माझ्यासाठी स्थळ पाहिलं. तिकडचाच शिक्षक, विधुर, चांगला माणूस. बाबांना घेऊन ये, आणि ते येत नसतील तर तू तरी ये, असा निरोप. बाबा म्हणाले, “मी मिठात मुरलेला माणूस, मला कुठे हलवू नका. तू जा.” मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, “मी सांगतोय, जा. बापाचा हुकूम आहे.”

मी तुमच्याकडे आले. हा काही गमतीचा प्रश्न नव्हता. “डॉक्टर, बापानं सांगितलेलं ऐकणं ही भक्ती, तर मला त्यांना एकटं टाकून जावं लागेल. त्यांना एकटं न टाकणं ही भक्ती, तर मला त्यांचा हुकूम मोडावा लागेल. तुमचे गुरुजी काय म्हणतात?”

तुम्ही मला बसायला सांगितलंत. बाहेर पेशंट होता, त्याला थांबायला सांगितलंत. बाप चुकत असेल तर मुलानं हळू सांगावं, ऐकलं नाही तरी मान ठेवून पुन्हा सांगावं, राग धरू नये, इतकं तुम्हाला ठाऊक होतं. “पन बाप चुकतो हाय काय हितं?” तुम्ही विचारलंत. “त्यो तुमच्या भल्याचा सांगतो. तुमी त्याच्या भल्याचा करता. दोगं बी बरोबर.” मग म्हणालात, “तुमाला जायाचा हाय काय?”

इतक्या दिवसांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “नाही.”

“बाबांसाटी?”

“नुसतं बाबांसाठी नाही.”

तुम्ही पुढे विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर मी उत्तर दिलं असतं की नाही, मला माहीत नाही. गाव आपल्या दोघांबद्दल बोलत होतं. ते काय बोलतं हे तुम्हाला ठाऊक होतं, मलाही. तुम्ही बाहेरच्या पेशंटला आत बोलावलंत.

मी गेले नाही. बाबांचा हुकूम मोडला. ते महिनाभर रुसले आणि मग एक दिवस, जेवताना, भाजीत मीठ जास्त झालंय एवढंच म्हणाले. मीठ खात्यातल्या माणसाकडून ती क्षमा होती.

चीनशी लढाई सुरू झाली ते दिवस आठवतात? तुम्हाला ठाण्यावर हजेरी द्यायला सांगितलं, परवानगीशिवाय गावाबाहेर जायला मनाई झाली. रंगवलेल्या दातावर कोणीतरी डांबर फासलं. तुमच्याकडे पेशंट येईनात. ज्यांच्या बापांच्या तोंडात तुमचे दात होते ते लोक रस्ता ओलांडून पलीकडून जात. मी दिवसातून एकदा येऊन जात होते, पण चोरासारखी, शाळेची पिशवी छातीशी धरून. मला भीती वाटत होती.

एके सकाळी बाबांनी कोट चढवला. निवृत्तीच्या दिवसानंतर तो कोट बाहेर निघाला नव्हता. म्हणाले, “सेगू, चल. डॉक्टरकडे.”

“दात दुखतो?”

“कुठला दात दुखणार? सगळे त्याचेच आहेत.”

तुमच्या दारातल्या बाकावर ते बसले. वर्तमानपत्र उघडलं आणि रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाचायला लागले. लढाईच्याच बातम्या! तुम्ही आतून बाहेर आलात, “बाबा, घरी जा” म्हणालात, ते त्यांनी ऐकलंच नाही. कापडबाजारातले एक गृहस्थ थांबले. “आजोबा, या वेळी, चिन्याच्या दारात?”

बाबांनी पेपर खाली ठेवला. “हे दात यानं केलेत. हे तोंडात घालून याच्याविरुद्ध बोलू? त्यापेक्षा मला आधी दात काढायला हवेत. आणि दात काढले की मला बोलताच येत नाही. तुम्हीच सांगा काय करू.”

गृहस्थ हसले. हसलेला माणूस लगेच रागावू शकत नाही. बाबा रोज बसायला लागले. मी शाळेत जाताना त्यांना पोचवायची, मधल्या सुट्टीत डबा आणायची. पिशवी आता खांद्याला असायची. काही दिवसांनी मिठागरावरचे धर्मा पाटील सुजलेला गाल घेऊन आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “दाडंला लडाई समजत नाय, डाक्टर. काड.” तिथून गाव परत यायला लागलं. सगळं नाही, पण आलं.

त्यातल्याच एका दुपारी मी डबा उघडून बाबांना देत होते. तुम्ही दारात उभे होतात. म्हणालात, “बाई, आता तोंड बरोबर हाय.”

मी म्हटलं, “मी काहीच केलं नाही.”

“मंग कोनी केला?”

मी बाबांकडे बोट दाखवलं. आणि म्हटलं, बघा, तुमच्या गुरुजींचं चुकलं. ते म्हणतात चेहरा आधी सांभाळा, मन मागून येईल. माझं उलट झालं. बाप पाहण्यासारखा वागला आणि चेहरा आपोआप आला. सांभाळावा लागला नाही.

तुम्ही म्हणालात, “तुमी त्याला इतकी वर्सं वाकड्या तोंडानं का होईना, हितं आनला नसता, त त्यो आज हितं बसला असता काय?”

तेव्हापासून मी यावर विचार करते आहे, डॉक्टर. तुम्ही स्वतःच नकळत कबूल करून टाकलंत की वाकड्या तोंडानं केलेलंही फुकट जात नाही. मग तुमचा मूळ मुद्दा कुठे राहिला? की तुमचा मुद्दा असा होता की, ते सरळ तोंडानं केलं असतं तर बाबा मला तसे फार आधी दिसले असते? हे मला तुम्हाला विचारायचं होतं. राहून गेलं. आपल्याला वाटलं, वेळ आहे.

बाबा गेले तेव्हा बेन्जूला पोचता आलं नाही. आमच्यात मृतासाठीची कद्दिश प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात. पेणहून माणसं बोलावून दहा झाले. मुलगा नाही, तर ती प्रार्थना कुणी म्हणायची, यावर कुजबुज झाली. एक वडीलधारे म्हणाले, “सेगू, तू मनात म्हण.” मी मोठ्यानं म्हटली. कोणी अडवलं नाही. दोघांनी मान खाली घातली, बस. तुम्ही दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभे होतात. नंतर तुम्ही सांत्वन केलं नाहीत. विचारलंत, “काय बोललात त्यात?” मी अर्थ सांगितला. देवाची थोरवी, त्याच्या राज्याची वाट, शांतीची मागणी. त्यात मरणाचा शब्दही नाही.

“बापाचा नाव नाय?”

“नाही.”

“बापासाटी, आन बाप त्यात नाय?” तुमचा चेहरा उजळला. “परत बोला.” आणि मी तुमच्या दवाखान्यात, दात कोरायच्या यंत्राशेजारी, तुम्हाला आमची प्रार्थना पुन्हा म्हणून दाखवली. आईबापाविना झालेल्या बाईला त्या दिवशी त्याहून मोठा आधार कुणी दिला नाही.

गेल्या हिवाळ्यात तुम्हाला धाप लागायला लागली. मी धीर करून विचारलं, “तुमच्या वडिलांचं काय ठरवलंत?” ते असते तर नव्वदीपार असते. तुम्ही म्हणालात, “जिता मानला आन चूक निगाली, त त्यो रागावनार नाय. मेला मानला आन त्यो जिता असंल, तर? म्हनून मी हाय तवर त्यो हाय.”

“मग तुम्ही रडणार कधी?”

तुम्ही पायानं यंत्राचं चाक फिरवलंत. समोर कुणाचा दात नव्हता, तरी ते फिरत राहिलं. सगळे प्रश्न मी त्या दिवशी विचारायला हवे होते असं नाही. काही विचारले नाहीत, ते बरोबरच झालं.

आता कालचं. धर्मा पाटील आणि मी तुमच्याबरोबर मुंबईला गेलो. ज्यांच्याकडे तुम्ही काम शिकलात ते वृद्ध दंतवैद्य तिथे होते. काठी टेकत, पण आवाज ठणठणीत. मी त्यांना तुमच्या वडिलांचा तो पेच सांगितला. मुलगा गेला, आता बाप जिवंत मानायचा की मेलेला? त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, “मला ठाऊक नाही. अशी गोष्ट मी ऐकलेली नाही.” तुम्हाला हे उत्तर आवडलं असतं.

उदबत्त्या द्यायची वेळ आली. कोणी कुठे उभं राहायचं ते नात्यावरून ठरतं. त्यांनी मला विचारलं, “बाई, तुम्ही यांच्या कोण?”

मी ‘पेशंट’ म्हणणार होते. ते माझ्याकडे पाहत राहिले आणि मुलांना सांगावं तसं सांगायला लागले. “आमच्यात माणसाची पाच नाती मानतात. पहिलं, राजा आणि प्रजा. दुसरं, बाप आणि लेकरू. तिसरं, नवरा आणि बायको. चौथं, मोठं भावंड आणि धाकटं. पाचवं, मित्र आणि मित्र. पहिल्या चारांत एक वर असतो, एक खाली. यांतलं कुठलं?”

पहिलं नव्हतं. दुसरं नव्हतं, जरी तुम्ही मला तसं पुष्कळदा शिकवायला पाहिलंत. तिसऱ्यापाशी मी थांबले. म्हाताऱ्यांनी घाई केली नाही. धर्मा पाटील दुसरीकडे पाहायला लागले.

“पाचवं,” मी म्हटलं.

“मग पुढे या,” ते म्हणाले. “त्यात मागेपुढे उभं राहायचं नसतं.”

त्यांनी माझ्या हातात उदबत्त्या दिल्या. मी तुमच्या उशाशी गेले नाही, पायाशीही नाही. बाजूला उभी राहिले.